विहीणबाईंचं ताट

चंद्राबाईच्या खानावळीला पाटी आहे, पण ती वाचून कुणी आत येत नाही. आगरदांड्याच्या जेट्टीकडे जाणारा रस्ता जिथे वळतो, तिथे तळणीचा वास गाडीत शिरतो आणि फेरीबोट चुकली तरी चालेल म्हणून माणसं ब्रेक मारतात. पत्र्याची शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे गॅस आणि चूल दोन्ही. चंद्राबाई गिऱ्हाइकाशी गोड बोलत नाही. "सुरमई संपली, बांगडा हाय, खायाचा तर खा," हे तिचं स्वागत. पुण्या-मुंबईच्या लोकांना ते फार आवडतं, त्यांना तो खास कोकणी बाणा वाटतो. खरं तर तिचे पाय दुखत असतात, एवढंच.

नवरा गेला तेव्हा तिची पूर्वी नावाची मुलगी शाळेत शिकत होती. होडी गेली, जाळी गेली, राहिली ती चूल. त्या चुलीवर तिने पूर्वीला वाढवलं, शिकवलं, नवी मुंबईत नोकरीला धाडलं. तिथे पूर्वीने कराडचा एक मुलगा पसंत केला आणि कचेरीत सह्या करून लग्न उरकलं. चंद्राबाईला ना मांडव घालता आला, ना हळद लावता आली. ती कुणाला काही बोलली नाही, पण महिनाभर तिचं कालवण खारट होत होतं.

आता नवराबायको कराडलाच राहत होती आणि पूर्वीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, एवढा एकच मान आता आईला उरला होता, आणि तो मिळवायला ती जिवावर उदार झाली होती. मागची खोली तिने रंगवून घेतली. गावातली सुईण आपली, देवी आपली, समुद्र आपला. अडचण होती ती फक्त विहिणीची.

विहीणबाई सुचिताताई काही वाईट नव्हत्या. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नसे. फोनवर त्या दर वेळी एकच विचारत, "मोठा दवाखाना किती लांब हो?" आणि चंद्राबाई दर वेळी सांगे, "अलिबाग काय, असं गेलं की आलं." आता आगरदांड्याहून अलिबाग असं गेलं की तसं येण्यातलं नाही, हे जेट्टीवरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. पण एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला सोपं जातं. शेवटी सुचिताताई म्हणाल्या, "मी एकदा येऊन बघून जाते. मग ठरवू."

त्या आल्या त्या नेमक्या रविवारी. पुतण्याने गाडीतून आणून सोडलं आणि तो मित्रांबरोबर जंजिरा बघायला गेला. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, बाहेर माणसं ताटकळत उभी, वाढायला एकटी हेमाली. शेजारची ही सून रविवारी मदतीला येत असे, आणि तिच्या पायाला चाकं लावली असती तरी त्या दिवशी पुरली नसती. सुचिताताईंनी घर बघितलं. मोरी बघितली. खोलीतल्या नव्या रंगावरून बोट फिरवलं. चुलीचा धूर कुठे जातो तेही बघितलं आणि तोंडाला पदर लावला. चंद्राबाईचा जीव टांगणीला लागला होता. ही बाई अजून एका शब्दाने काही बोलली नव्हती.

"जेवाला बसा विहीणबाय," ती म्हणाली. "पोटात गेल्यावर बोलू."

आतल्या खोलीत पाट मांडला, स्टीलचं मोठं ताट काढलं आणि चंद्राबाईने भिंग वाढलं, खाडीतला मासा. हे भिंग गिऱ्हाइकांच्या यादीत कधीच नसतं. गिऱ्हाइकाला सुरमई, पापलेट, कोळंबी. खोटं न बोलणारे सरळ मासे. भिंग घरच्या माणसाला. चवीला त्याच्यासारखा दुसरा मासा नाही, आणि काट्यांनाही नाही. केसाएवढे बारीक काटे, प्रत्येक घासात, आणि कुठून कसे निघतील याला काही धरबंध नाही. कोळ्याचं पोर दात यायच्या आधी जिभेने काटा बाजूला सारायला शिकतं. विहिणीला सुरमई वाढणं म्हणजे तिला गिऱ्हाईक ठरवणं. म्हणून पहाटे खाडीवर जाऊन चंद्राबाईने गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेलं भिंग स्वतः निवडून आणलं होतं.

दुसरी गोष्ट तिच्या सासूची. सासू म्हणायची, जेवत्या माणसासमोर काट्याचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की तो घशात येतो. त्या घरात इतकी वर्षं कुणी ताटावर तो शब्द उच्चारला नव्हता, आणि कुणाला काही झालंही नव्हतं. नियम खरा ठरायला आणखी काय लागतं?

सुचिताताईंनी ताटाकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. "बघा, तुमचा तुकडा कसा अख्खा आहे. आमच्याकडे पूर्वी मासा करते तो सगळा मोडलेला, चुरा झालेला. कोळ्याच्या घरची असून तिला मासा नीट वाढता येत नाही, याचं मला नवलच वाटतं."

हे चंद्राबाईला चांगलंच झोंबलं. लेकीला काय मी कुस्करलेला मासा वाढायला शिकवलं? तिने ईर्षेने आणखी एक, पोटाकडचा मोठा तुकडा ताटात टाकला. "घेवा. पोटभर घेवा."

बाहेरून कुणी "मावशी, भाकरी!" म्हणून ओरडलं आणि ती उठली. दाराशी वळून बघते तर सुचिताताई फणसाचा गरा तोंडात टाकावा तसा अख्खा घास टाकत होत्या. चंद्राबाई क्षणभर थबकली. सांगावं का? पण शब्द तोंडाशी आला आणि तिने तो गिळला.

भाकऱ्या थापता थापता तिचं अर्धं लक्ष आतच होतं. थोड्या वेळाने हेमाली आली. "काकू, पावण्यांना नुसता कोरडा भात हवाय."

"कालवन नको?"

"नको म्हनतात. नुसता भात."

चंद्राबाईचा हात परातीतच थांबला. मग तिने स्वतःला समजावलं की घाटावरच्या लोकांना तिखट सोसत नसेल. भात गेला. पाठोपाठ हेमाली पुन्हा आली.

"केळं हाय का विचारतायत."

 कोरडा भात आणि मग केळं, हे कुणी चवीसाठी मागत नाही. हे मागतं ते घशात काहीतरी रुतलेलं माणूस. ती तव्यावरची भाकरी तशीच टाकून आत गेली. सुचिताताई ताठ बसल्या होत्या, चेहऱ्यावर हसू चिकटवलेलं. भाताचे गोळे करून एकामागून एक गिळत होत्या आणि दर गोळ्याला डोळे मिटत होत्या.

"बरं हाय ना?"

"छान आहे. फार छान आहे." आवाज घोगरा.

बघा कशी गंमत. एकीला सासूच्या धाकाने विचारता येईना, दुसरीला पाहुणपणाच्या लाजेने सांगता येईना. इतक्या मानाने वाढलेल्या ताटावर "मला खाता आलं नाही" असं कोण कबूल करतं? आणि ज्या घरात सुनेला पाठवायचं की नाही हे ठरवायला आपण आलो, तिथे घास अडकून हसं करून घ्यायचं? दोघी समोरासमोर बसल्या, एक गिळत राहिली आणि दुसरी बघत राहिली. बाहेर माणसं सोलकढी मागत होती.

मग सुचिताताई एकदम उठल्या आणि मोरीकडे धावल्या. चंद्राबाई मागोमाग. मोरीत थुंकी पडली, ती लाल होती.

"काटा गेला ना?" चंद्राबाई ओरडलीच. "काटा गेला ना घशात? बोलला का न्हाय!"

सुचिताताईंनी मान हलवली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बोलायला गेल्या तर घरघर फक्त. त्यांनी गळ्यावर, अगदी खाली, बोट ठेवलं.

गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं. "खोल गेलाय, मला दिसत नाही. भात कुणी खायला सांगितला? ढकलत ढकलत खाली नेलाय तो. सूज यायला लागली आहे." मग त्यांनी चंद्राबाईला बाजूला घेतलं. "श्वास अजून ठीक आहे. पण सूज वाढली तर अवघड होईल. अलिबागला घशाचे डॉक्टर आहेत, मी फोन करून ठेवतो. लगेच निघा. पाणीसुद्धा देऊ नका."

पुतण्याचा फोन लागेना. तो किल्ल्यात कुठेतरी तोफा बघत असणार. चंद्राबाई तशीच नजमुद्दीनच्या दारात गेली. नजमुद्दीन म्हणजे कुवेतला बरीच वर्षं गाडी चालवून परतलेला माणूस. रविवारी दुपारी जेवून आडवा झाला होता. तिचा चेहरा बघून त्याने चावीच उचलली.

"बस चंद्राबाय. फिकीर करू नको, अल्ला हाय."

खानावळ भरलेली तशीच हेमालीच्या गळ्यात टाकून ते निघाले. मागच्या सीटवर दोघी विहिणी. मुरूड मागे पडलं, नांदगाव आलं, आणि चंद्राबाईला वाटलं, पोहोचू. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पूर्वी होती. पिठाच्या हातांनी तिने तो उचलला. कानाला लावायला गेली तो स्पीकरच लागला.

"आई, झालं का जेवण? आवडलं का त्यांना?"

"झालं गं." चंद्राबाईने बाहेर बघितलं.

"काय केलं होतंस?"

"भिंग."

 पूर्वी घाईघाईने म्हणाली, "काटे काढून वाढलंस ना? अगं, त्यांना काट्याची बिलकूल सवय नाही. मी इथे रोज आधी स्वैपाकघरात एकेक काटा काढते, मगच ताट बाहेर नेते. त्यांना कळू देत नाही. नाहीतर म्हणतील, नको बाई तुमचा मासा, आणि मग या घरात मासा बंदच होईल. आई? काढलेस ना?"

 सुचिताताईंनी मान फिरवून चंद्राबाईकडे बघितलं. मोडलेला, चुरा झालेला मासा. सातवा महिना लागलेली पोर पाठ दुखत असताना ओट्याशी उभी राहून सासूच्या घासातले काटे वेचत होती, आणि सासू तिला वाढायची रीत शिकवत होती.  सुचिताताईंनी चंद्राबाईचं मनगट घट्ट धरलं.

"तुला मागून फोन करते," चंद्राबाई म्हणाली आणि तिने फोन पदरात दडवला.

काशीदला गाड्या थांबल्या. रविवारचं काशीद ज्याने पाहिलं नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या, मधून उंट, उंटावर फोटो काढणारे, ओल्या कपड्यांनी रस्त्यात उभे राहून मक्याचं कणीस खाणारे. नजमुद्दीनने हॉर्नवर हात ठेवला तो काढला नाही. गाडी हलेना. आणि सुचिताताईंच्या श्वासाला आवाज यायला लागला, बारीक शिट्टीसारखा. आत घेताना जास्त. त्यांची नखं चंद्राबाईच्या मनगटात रुतली होती.

"नजमुभाय, काय तरी कर रे!"

"काय करू? उडवू गाडी?" त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

चंद्राबाई दार उघडून खाली उतरली. ती रस्त्याच्या मधोमध चालत गेली आणि तिने जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बंदरावर लिलावात बोलणाऱ्या बायकांचा आवाज होता तो. लाटांच्या वर जाणारा. उंटवाला आधी बाजूला झाला. पांढऱ्या मोठ्या गाडीतला एक तरुण काच खाली करून हसत म्हणाला, "अहो मावशी, तुम्ही इथे? आज खानावळ बंद?"

"माजा मानूस मरतंय मागं! गाडी काढ! काढ आदी गाडी!"

त्याचं हसू विझलं. तो खाली उतरला, त्याने मित्रांना हाका मारल्या, आणि त्या पोरांनी पुढे धावत जाऊन एकेक गाडी मागे घ्यायला लावली. चंद्राबाई धापा टाकत परत आली. सुचिताताई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या, ओठ काळसर पडले होते. तिने त्यांना ओढून आपल्या खांद्यावर घेतलं.

"श्वास घेवा. हळू. माज्यासंगं घेवा."

साळावचा पूल, रेवदंडा, चौल. नागावला पुन्हा गर्दी. प्रत्येक ठिकाणी चंद्राबाई मनात म्हणत होती, आता आलंच, आता आलंच. आणि रस्ता काही संपत नव्हता. याच रस्त्याला ती फोनवर "असं गेलं की आलं" म्हणाली होती. तिला स्वतःची लाज वाटली. आणि मग, कुठल्याशा वळणावर, खांद्यावरचं डोकं तिला आपल्या लेकीचं वाटलं. शिट्टीसारखा श्वास लेकीचा वाटला. सीटवर रक्त आहे, पोर ओरडते आहे आणि पुढे उंट आडवा आहे. तिने डोळे उघडले तरी ते चित्र हलेना.

अलिबागला डॉक्टर वाट बघतच होते. सुचिताताईंना आत नेलं. नजमुद्दीन बाहेर भिंतीकडे तोंड करून पुटपुटत उभा राहिला. चंद्राबाई बाकावर बसली. तिचे हात अजून पिठाचे होते, मनगटावर नखांचे वण होते. तिला खूप भीती वाटली होती, आणि ती भीती एकट्या विहिणीसाठी नव्हती हे तिला आता पक्कं कळलं होतं.

डॉक्टर बाहेर आले ते हसत. कापसावर काटा ठेवला होता. एवढासा. असे ढीगभर काटे ती रोज मांजरापुढे टाकते. "वेळेवर आलात," ते म्हणाले. "आणखी थोडा उशीर झाला असता तर गळ्याला भोक पाडावं लागलं असतं."

सुचिताताई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. बोलायला बंदी होती, पण ती बाई बंदी पाळणारी नव्हती. चंद्राबाईला त्यांनी खुणेने जवळ बसवलं.

"चुकलं माझं," चंद्राबाईच आधी म्हणाली. "सांगाला पायजे होतं. मानापानाच्या नादात तुमचा जीव घेत होते मी."

सुचिताताईंनी मान हलवली. मग अगदी हळू, एकेक शब्द तोडत, त्या कुजबुजल्या, "तुमचं... नाही चुकलं. माझा जीव... तुम्ही वाचवलात. माझी आईही... माझ्यासाठी असं रस्त्यात... ओरडली नसती." थांबून त्यांनी श्वास घेतला. "पूर्वीला... पाठवते. पुढच्याच आठवड्यात. तुमच्यापाशीच... राहू दे. बाळंतपण तुमच्याकडेच."

दोन महिने ज्या शब्दासाठी चंद्राबाईने फोनवर खोटं बोलून, खोली रंगवून, देवीला नवस बोलून जिवाचा आटापिटा केला होता, तो शब्द असा आपणहून चालत आला होता. फक्त मान डोलवायची होती.  तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा तो रस्ता आणि आडवा उंट आला.

"न्हाय," ती म्हणाली.

सुचिताताई बघत राहिल्या.

"तिला इथं नका धाडू. तो रस्ता आज बघितला ना तुमी? मी खोटं सांगत होते. तुमच्या घरापासनं दवाखाना जवळ हाय?"

सुचिताताईंनी मान डोलवली.

"मंग तिथंच होऊ दे. मी येते. खानावळ ठेवीन बंद. तुमच्या घरात माजी अडचन नसंल तर..."

सुचिताताईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिला पुढे बोलू दिलं नाही.  नजमुद्दीन दारातून डोकावला आणि मागे सरला.

संध्याकाळी पुतण्या घाबराघुबरा होऊन आला, तेव्हा चंद्राबाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर आली आणि तिने पूर्वीला फोन लावला. सगळं सांगितलं. काटा, रस्ता, डॉक्टर. सासू बरी आहे, उद्या घरी येईल. पूर्वी ऐकत होती. मग तिने भीत भीत विचारलं, "मग माझं काय ठरलं, आई?"

"बाय, तू येऊ नको. मीच येते तिकडं. तुजं बालंतपन कराडलाच व्हईल."

 पलीकडून लेकीचा आवाज आला, रडवेला, चिडलेला. "सासूबाई नाही म्हणाल्या ना? मला माहीतच होतं. एवढं होऊनही नाहीच म्हणाल्या ना त्या?"

"न्हाय गं पोरी," चंद्राबाई म्हणाली. "त्या व्हय म्हनल्या. मीच न्हाय म्हनले."

आणि मग तिला पुढे बोलता येईना. फोन कानाला धरून ती त्या पायरीवर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसमोर मोठ्याने रडली.